रबराच्या झाडापर्यंतचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





अशा मेळाव्यात शिक्षकाने उभे राहावे आणि शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी आपली प्रथा आहे. ती मोडण्याचा माझा इरादा नाही. मात्र आज मी ते महत्त्व रबराच्या निमित्ताने सांगणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. आंबा, काजू, मासळी यांवर कोणी बोलले तर समजू शकते. रबराशी आपला काय संबंध? काही महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटले असते. पण आपल्याच शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलाने मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचे मी प्रथम जे उत्तर दिले ते चुकीचे होते. ती चूक आपणांसमोर कबूल करावी आणि त्यातून मी जे शिकलो ते सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

हा मुलगा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात खरेदीचे आणि हिशेबाचे काम पाहतो. कारखान्यात यंत्रांना लागणारे रबरी बुश आणि पॅड तयार होतात. तो माल एक मोठी कंपनी विकत घेते आणि आपल्या यंत्रांत बसवून युरोपात पाठविते. एके दिवशी त्या मोठ्या कंपनीकडून एक छापील तक्ता आला. त्यात अनेक रकाने होते. एक रकाना असा होता की, तुम्ही वापरलेले नैसर्गिक रबर कोणत्या जमिनीवरील झाडांचे आहे, त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश लिहा. दुसऱ्या रकान्यात विचारले होते की, ती बाग जंगल तोडून केलेली नाही ना, आणि तेथील कामगारांना कायद्याप्रमाणे वागविले जाते ना.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर तो मशिदीबाहेर मला भेटला. खिशातून तक्ता काढून म्हणाला, "सर, अक्षांश-रेखांश तुम्हीच शिकविले होते. आम्ही रबर घेतो व्यापाऱ्याकडून. बाग कोणी पाहिली आहे? शेठ म्हणतात, कोट्टायमचे अक्षांश-रेखांश टाकून दे आणि बाकी सगळीकडे 'होय' लिही. सर, काय लिहू?"

मी म्हणालो, "अरे, शेठ सांगतात तसे लिही. घरात कमावणारा तू एकटा. कागदाला कागद हवा असतो, एवढेच."

तो काही बोलला नाही. तक्त्याची घडी करून त्याने खिशात ठेवली, सलाम केला आणि निघून गेला. तो गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, ज्या मुलाला मी नकाशा वाचायला शिकविले, त्यालाच मी खोटा नकाशा काढण्याचा सल्ला दिला होता. मग मी या विषयाची पुस्तके आणि अहवाल मिळवून वाचले. जे समजले ते सोप्या शब्दांत सांगतो.

विद्यार्थी मित्रांनो, रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या जंगलातले. १८७६ साली हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने तेथून सुमारे सत्तर हजार बिया लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती-उद्यानात नेल्या. त्यांतील थोड्याच रुजल्या. पण तेथून रोपे सिलोनला आणि मलायाकडे गेली आणि आशियात रबराच्या बागा उभ्या राहिल्या. आपल्या देशात केरळात १९०२ साली पहिली व्यापारी लागवड झाली. आज जगात सर्वांत अधिक रबर थायलंडात पिकते, त्याखालोखाल इंडोनेशियात. व्हिएतनाम, पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट, चीन आणि भारत हेही मोठे उत्पादक आहेत.

आता ते निघते कसे ते पाहा. झाड लावल्यापासून सहा-सात वर्षे त्यातून काहीच मिळत नाही. नंतर त्याच्या खोडावर तिरपी चीर घेतात. काम नाजूक असते. साल एक-दीड मिलिमीटर जाडीची कापायची. सुरी आत गेली तर झाड कायमचे जखमी होते, वर राहिली तर चीक कमी येतो. हे काम पहाटे, पुष्कळ वेळा उजाडण्यापूर्वी, कपाळाला दिवा बांधून करतात; कारण थंड वेळी चीक चांगला वाहतो. एक कामगार एका सकाळी तीनशे-चारशे झाडांना चीर देतो. खाली वाटी बांधलेली असते. केरळात त्यासाठी नारळाची करवंटीही वापरीत आले आहेत. दोन-चार तास थेंब थेंब चीक पडतो. मग पुन्हा त्याच वाटेने फिरून तो गोळा करायचा. त्यात आम्ल घालून तो गोठवितात, लाटून त्याच्या पोळ्या करतात आणि धुरावर वाळवितात. कित्येक ठिकाणी चीक वाटीतच गोठू देतात. त्या गोळ्याला व्यापारात कपलम्प म्हणतात. पाऊस पडला तर त्या दिवसाचे काम बुडाले.

जगातील सुमारे ८५ टक्के रबर अशा लहान शेतकऱ्यांच्या बागांतून येते. त्यांची संख्या साठ लाखांच्या घरात आहे. इंडोनेशिया, मलेशिया आणि दक्षिण थायलंडातील पट्टाणी-याला या भागांत हे काम करणारे बहुसंख्य लोक आपले दीनी बांधव आहेत. ते नसते तरी त्यांच्या हक्काचा प्रश्न तेवढाच राहिला असता. पण फजरच्या नमाजेला उठणाऱ्या आपल्या घरांनी हे जाणून असावे की, त्याच सुमारास हजारो घरांतून माणसे सुरी घेऊन बागेकडे निघालेली असतात.

या रबराचे होते काय? सुमारे सत्तर टक्के टायरमध्ये जाते. कृत्रिम रबर कारखान्यात तेलापासून बनते आणि तेही टायरमध्ये वापरतात. परंतु बस, ट्रक आणि विमान यांच्या टायरना जो ताण आणि जी उष्णता सोसावी लागते, तेथे झाडाच्या रबराला अजून पुरता पर्याय सापडलेला नाही. ज्या एस.टी.ने आपण आज येथे आलात, तिच्या चाकांत कोणाच्या तरी पहाटेची मेहनत आहे. दवाखान्यातील रबरी हातमोजे, मुलांचे फुगे, पाण्याच्या पंपाचा वायसर, सर्वांची कथा हीच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कारखान्यातल्या मुलाला बाग का सांगता येत नाही? शेतकरी आपला माल गावातल्या लहान दुकानदाराला विकतो. तो दहा-वीस जणांचा माल एकत्र करून बाजारपेठेतील व्यापाऱ्याला देतो. असा अनेक गावांचा माल पुढे प्रक्रिया-कारखान्यात जातो. तेथे हजारो बागांचे गोळे एकाच हौदात धुऊन, चिरडून, वाळवून त्यांच्या विटा दाबतात. मग निर्यातदार, आयातदार, दलाल, टायरचा किंवा सुट्या भागांचा कारखाना. हातांमागून हात बदलतात. प्रत्येकाकडे वजनाची नोंद असते, भावाची नोंद असते, पैशाची नोंद असते. बागेची नोंद मात्र पहिल्या दुकानातच संपते. भारतापुरते बोलायचे तर २०२३-२४ साली आपल्या देशात सुमारे साडेआठ लाख टन रबर पिकले आणि चौदा लाख टन लागले. उरलेले परदेशांतून आले. म्हणजे 'कोट्टायम' लिहून टाकणाऱ्याच्या गोदामातील माल कोट्टायमचा असेलच असे नाही. तो समुद्रापलीकडच्या एखाद्या टेकडीवरचाही असू शकतो.

कोणी म्हणेल, नसेना का नोंद. रबर ते रबर. त्याने काय बिघडते? जेव्हा नोंद नव्हती तेव्हा काय बिघडले, ते इतिहासात लिहिलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकली आणि मोटारी आल्या, १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर तयार केला आणि रबराला सोन्याची किंमत आली. त्या वेळी आफ्रिकेतील काँगो हा अवाढव्य प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. बेल्जियम देशाची नव्हे, एकट्या राजाची. आणि राजाने तो प्रदेश कधी डोळ्यांनीही पाहिला नाही. तेथील जंगलात रबराच्या वेली होत्या. प्रत्येक गावावर रबराचा ठराविक भरणा लादला गेला. पुरुषांनी जंगलात जाऊन रबर आणावे म्हणून त्यांच्या बायकांना ओलीस धरून कोंडीत. भरणा कमी पडला की फटके आणि गोळ्या. शिपायांनी काडतुसे वाया घालवू नयेत म्हणून, गोळी माणसावरच झाडली याचा पुरावा मागत. आणि तो पुरावा म्हणजे मेलेल्या माणसाचा तोडलेला हात. कित्येकदा जिवंतांचेही हात तोडले गेले. मित्रहो, नीट लक्षात घ्या. तेथे काडतुसांचा हिशेब चोख होता. माणसांचा हिशेब कोणी ठेवीत नव्हते. आणि युरोपात सायकलीवरून फिरणाऱ्या सभ्य माणसाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

हे उजेडात कोणी आणले? त्यात अनेकांचा वाटा आहे. परंतु सुरुवात केलेल्यांत एक कारकून होता. एडमंड मोरेल हे त्याचे नाव. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत तो नोकरीला होता. आपल्या कोकणातल्या किती घरांतील वडीलधारे जहाजांवर खलाशी, सारंग म्हणून गेले. त्यामुळे जहाजाची कागदपत्रे काय असतात हे येथे अनेकांना ठाऊक आहे. मोरेलला कंपनीच्या कामासाठी बेल्जियममधील अँटवर्प बंदरावर जावे लागे. तेथे त्याने माल चढता-उतरताना पाहिला आणि नोंदी तपासल्या. काँगोहून येणारी जहाजे रबर आणि हस्तिदंत यांनी भरलेली येत होती. परत जाताना त्यांत व्यापाराचा माल जवळजवळ नसे. जात असत त्या बंदुका आणि काडतुसे. मोरेलने साधा विचार केला. जेथून एवढा माल येतो तेथे मोबदला म्हणून काहीच जात नसेल, तर ते रबर विकत घेतलेले असणार नाही. ते जबरदस्तीने काढून घेतलेले असले पाहिजे.

त्याने तोपर्यंत काँगोत पाऊलही टाकले नव्हते. त्याने केवळ दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून वाचले. कंपनीतील वरिष्ठांना सांगितले, तेव्हा त्यांना ते रुचले नाही. १९०१ साली त्याने नोकरी सोडली आणि लेखणी हाती घेतली. १९०३ साली ब्रिटिश सरकारचा वकील रॉजर केसमेंट याने प्रत्यक्ष काँगोच्या आतल्या भागात फिरून साक्षी घेतल्या. त्याचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मोरेलने काँगो सुधारणा संघ स्थापन केला. ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेली छायाचित्रे गावोगाव दाखविली गेली. लोकमत इतके पेटले की १९०८ साली राजाला आपली ती खासगी मालमत्ता सोडावी लागली. काँगोचे हाल त्याने संपले असे नाही, पण राजाची ती लूट थांबली.

मी हा इतिहास वाचला आणि माझ्या त्या विद्यार्थ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तोही कारकूनच. त्याच्याही हातात रकानाच. आणि मी त्याला सांगितले होते, भरून टाक!

आजचे जग काँगोसारखे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आजही रबराच्या मागे दोन गंभीर प्रश्न आहेत. पहिला जंगलाचा. २०२३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात उपग्रहांच्या चित्रांवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आग्नेय आशियात १९९३ पासून रबरासाठी चाळीस लाख हेक्टरांहून अधिक जंगल गेले, असा त्याचा निष्कर्ष आहे. एक कोटी एकर म्हणा ना! रबराची बागही हिरवीच दिसते. पण एका जातीच्या झाडांच्या रांगा म्हणजे जंगल नव्हे. त्यात ते पक्षी नसतात, ती जनावरे नसतात, ती औषधी झुडपे नसतात.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या सिंधुदुर्गाकडे पाहा. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत गेल्या काही दशकांत रबराच्या बागा वाढल्या आहेत. सह्याद्रीतील जनावरांच्या येण्याजाण्याची वाट याच डोंगरांतून आहे. तेथील झाडतोडीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली न्यायालयाने त्या पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. बाग करणारा प्रत्येक जण गुन्हेगार आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. पडीक जमिनीवर, स्वतःच्या मेहनतीने बाग केलेले लोकही आहेत. पण बाजारात दोघांचेही रबर एकाच ढिगात पडते आणि एकाच भावाने जाते. जंगल राखणाऱ्याला त्याबद्दल काही अधिक मिळत नाही आणि तोडणाऱ्याला काही कमी पडत नाही.

रबर आणि जंगल यांचे वैर आहे असेही समजू नका. ब्राझीलमधील आक्रे प्रांतात चिको मेंडिस नावाचा एक रबर-कामगार होऊन गेला. तेथे रबराची झाडे जंगलातच विखुरलेली असतात. जंगल उभे राहिले तरच कामगाराचे पोट भरते. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडणाऱ्या जमीनदारांविरुद्ध त्याने कामगारांची संघटना केली. बायका-मुलांसह माणसे झाडांपुढे जाऊन उभी राहत. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याच्या घराच्या मागल्या दारी त्याला गोळी घालून ठार केले. पुढे १९९० साली त्याच्या नावाने राखीव वन जाहीर झाले. तेथे लोकांनी राहावे, चीक काढावा आणि जंगल राखावे, अशी व्यवस्था आहे.

दुसरा प्रश्न माणसाच्या भाकरीचा. रबराचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. २०११ साली केरळात तो किलोला दोनशे रुपयांच्या वर गेला होता. २०१६ च्या आरंभी तो शंभराच्याही खाली आला. झाड तेच, मेहनत तीच, उत्पन्न निम्म्यावर! अनेकांनी चीक काढणेच सोडून दिले. भाव पडला की चटका सर्वांत आधी पहाटे उठणाऱ्याला बसतो, आणि चढला की त्याच्यापर्यंत सर्वांत उशिरा पोचतो. ज्या साखळीत शेवटच्या माणसाचे नावच ठाऊक नाही, तेथे त्याला त्याचा हक्क मिळाला की नाही हे कोण पाहणार?

या दोन्ही प्रश्नांवर आता जगात काही हालचाल सुरू झाली आहे. २०१८ साली टायर कंपन्यांच्या पुढाकाराने सिंगापूरला एक जागतिक मंच स्थापन झाला. त्यात कंपन्या आहेत, निसर्गरक्षणाच्या संस्था आहेत आणि पुढे लहान शेतकऱ्यांनाही सभासद करून घेण्यात आले. २०२३ साली युरोपीय संघाने कायदा केला की, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरील रबर, कॉफी, कोको, पामतेल, सोयाबीन, लाकूड आणि गुरांपासूनचा माल त्यांच्या बाजारात येणार नाही. आणि विक्रेत्याने जमिनीचा ठावठिकाणा द्यावा. हा कायदा प्रत्यक्ष लागू करण्याची तारीख २०२४ आणि २०२५ अशी दोनदा पुढे ढकलली गेली. तरी मोठ्या कंपन्यांनी विचारणा सुरू केलीच. तोच तक्ता फिरत फिरत आपल्या मुलाच्या टेबलावर आला. आपल्या देशातही कोट्टायमच्या रबर बोर्डाने बागांचे नकाशे करण्याचे काम हाती घेतले आहे.

येथे शिक्षक म्हणून मला एक शंका वाटते तीही बोलून दाखवितो. नियम चांगला आहे. पण त्याचा खर्च कोण सोसणार? ज्याच्याकडे दोन एकर बाग आहे, सात-बारा आजोबांच्या नावावर आहे, फोनवर नकाशा काढता येत नाही, त्याला 'कागद नाही म्हणून तुझा माल नको' असे सांगितले, तर जबाबदारीच्या नावाखाली गरिबालाच बाहेर काढल्यासारखे होईल. ज्या श्रीमंत खरेदीदाराला स्वच्छ माल हवा, त्याने नकाशाचा खर्च द्यावा आणि भावही रास्त द्यावा. केवळ प्रश्नांचा तक्ता पाठवून हात झटकणे म्हणजे जबाबदारी नव्हे. तो तक्ता खोट्या 'होय'ने भरणेही जबाबदारी नव्हे. दोन्ही बाजूंनी झाडापर्यंत जाण्याचे कष्ट टाळले जातात आणि मधे कागद तेवढा फिरतो.

बंधू-भगिनींनो, या बाबतीत आपल्याला नवे काही शिकण्याची गरज नाही. हदीसमधील तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले लागले. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला. आणि फसविणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. धान्य भिजले हा त्या माणसाचा दोष नव्हता. पाऊस कोणाच्या हातात असतो? ओले खाली लपविले, हा दोष होता.

आपला तक्ताही तसाच आहे. बाग ठाऊक नाही, हा त्या मुलाचा अपराध नाही. त्याच्या शेठचाही एकट्याचा नाही. कित्येक वर्षांचा व्यापार तसाच चालत आला आहे. परंतु ठाऊक नसताना 'ठाऊक आहे' लिहिणे म्हणजे ओल्यावर कोरडे पसरणे होय. आपण ताटातल्या घासाबद्दल हलाल-हरामची एवढी काळजी घेतो, आणि ती घेतलीच पाहिजे. ज्या कमाईतून तो घास आला, त्या कमाईच्या वहीतही तीच काळजी हवी. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांकडून पाठ करून घेतो. ज्या मजुराचा घाम आपण कधी पाहिलाच नाही, त्याला ही शिकवण लागू नाही काय?

आता पुढे काय झाले ते सांगतो. दोन दिवसांनी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तक्ता अजून त्याच्या खिशातच होता. मी म्हणालो, "मी शुक्रवारी सांगितले ते विसर. चुकले माझे." तो हसला आणि म्हणाला, "सर, मी थांबलोच होतो." त्याच्या आईने चहा आणला आणि आम्ही दोघे लिहायला बसलो. त्या रकान्यात आम्ही लिहिले की, रबर व्यापाऱ्यामार्फत घेतले आहे, बिलांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. ते कोणत्या बागेचे आहे हे आज सांगता येत नाही. व्यापाऱ्याकडे लेखी माहिती मागविली आहे, मिळताच कळवू.

शेठ रागावले. दोन दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सही करताना म्हणाले, "ऑर्डर गेली तर तुझ्या मास्तरांना येऊन कारखाना चालवायला सांग." त्यांचे बोलणे मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. सत्य बोलण्याचा सल्ला देणाऱ्या मास्तराचा पगार दर महिन्याला मिळतो. जोखीम त्या मुलाची आणि त्या कारखानदाराची असते. सही त्यांनी केली, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

त्या मोठ्या कंपनीचे उत्तर अद्याप आलेले नाही. ऑर्डर राहील की जाईल, मी सांगू शकत नाही. सत्याचा शेवट नेहमी बढतीत होतो, अशी गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगणार नाही. मात्र व्यापाऱ्याचे उत्तर आले. त्याने आधी टाळाटाळ केली. मग माल जेथून भरतो त्या दोन संकलन केंद्रांची नावे कळविली. बाग अजून कळलेली नाही. पण गोदामापासून झाडाकडे एक पाऊल पडले, आणि ते एका कारकुनाच्या पत्राने पडले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील फारच थोडे जण रबराच्या धंद्यात जातील. कोणी कापडाच्या गिरणीत, कोणी आखातातील कंपनीत, कोणी बंदरावर, कोणी बँकेत बसेल. प्रत्येकापुढे एक दिवस असा रकाना येईल आणि शेजारी उभा असलेला कोणीतरी म्हणेल, "भरून टाक, सगळे असेच करतात." त्या वेळी भूगोलाचा हा तास आठवा. 'माहीत नाही' हे दोन शब्द परीक्षेत लिहिले तर गुण जातात. व्यवहारात ते खरेपणाने लिहिले तर पुष्कळदा तेथूनच शोध सुरू होतो. मात्र 'माहीत नाही' लिहून स्वस्थ बसू नका. त्याच्याखाली 'माहिती मागविली आहे' हे लिहा आणि खरोखरच मागवा.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी असा प्रश्न घेऊन घरी आली तर माझ्यासारखे पटकन 'लिहून टाक' म्हणू नका. क्षणभर थांबा. नोकरीची भीती मलाही कळते. ती खोटी नाही. पण आपण फी भरून, पोटाला चिमटा घेऊन त्यांना शिकवितो ते सही करता यावी म्हणून, आणि ती सही कशाखाली होते हे त्यांना वाचता यावे म्हणूनही. आणि आपल्यांत जे कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, त्यांना सांगणे एवढेच की, बिले जपून ठेवा, माल कोठून आला ते विचारा, आणि विचारणाऱ्या नोकरावर रागावू नका. तो तुमची अब्रू राखीत असतो.

आपली ही संस्था ज्यांनी पै-पै जमवून उभी केली, त्या बुजुर्गांनी देणगीची पहिली वही ठेवली होती. चार आणे देणाऱ्याचेही नाव त्यांनी त्यात लिहिले. लहानाचे नाव गळू द्यायचे नाही, ही रीत आपल्याला त्यांनी घालून दिली आहे. पहाटेच्या अंधारात दूर कोठेतरी झाडाला चीर देणाऱ्या माणसाचे नाव जगाच्या वहीत यायचे आहे. ते लिहिणारा हात आपल्या शाळेत घडलेला असावा, एवढी दुआ करतो.